ओट्सचं भिजत घोंगडं

सकाळचा नाश्ता सकाळी करायचा नाही, आदल्या रात्रीच करून ठेवायचा, म्हणजे सकाळ मोकळी मिळते, ही कल्पना गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत शिरली आहे. तिचं नाव ओव्हरनाइट ओट्स. अर्धी वाटी ओट्स, तेवढंच दूध, दोन चमचे दही, एक चमचा चिया, चवीपुरता मध. सगळं एका बाटलीत घालायचं, झाकण लावायचं, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि निवांत झोपायचं. गॅस नाही, फोडणी नाही, ढवळत उभं राहणं नाही. ‘काम फक्त पाच मिनिटांचं,’ असं शेवटी आवर्जून सांगितलं जातं, आणि आमची हरकत नेमकी या पाच मिनिटांना आहे. प्रस्तुत लेखक आळशी मंडळींचा जुना वकील असल्यामुळे आळशी माणसाची कुठे फसवणूक होत असेल तर तिकडे लक्ष वेधणं त्याचं कर्तव्य ठरतं. तर म्हणणं असं : ओव्हरनाइट ओट्समुळे वेळ वाचत नाही. सकाळचं काम रात्रीच्या नावावर चढतं, आणि चढताना सव्याज चढतं. तरीही शहाणीसुरती माणसं हा उद्योग मन लावून करतात, त्याचं कारण घड्याळात शोधून सापडणार नाही. ते दुसरीकडेच आहे.

आधी त्या पाच मिनिटांचा हिशेब मांडू. हिशेब करणाऱ्याने त्यात फक्त हात हलले तेवढाच वेळ धरलेला असतो. वस्तू शोधण्याचा, त्यावरून वाद घालण्याचा आणि वाद मिटवण्यासाठी मोबाईल उघडण्याचा वेळ त्याने सोडून दिलेला असतो. रात्री साडेदहाला ज्या घरात ओट्स भिजतात, तिथला संवाद साधारण असा चालतो : “चिया कुठं ठेवलंस?” “निळ्या झाकणाच्या डब्यात.” “यात तर सब्जा आहे.” “मग तोच घाल. फुगण्याशी मतलब.” “अगं, पण ओमेगा-थ्री?” “लग्नाला पंधरा वर्षं झाली, आजवर ओमेगा-थ्रीची कधी चौकशी केली नाहीस.” चिया सापडलं की केळ्याचा प्रश्न उभा राहतो. केळं आत्ता घातलं तर सकाळपर्यंत काळं पडतं. सकाळी घालायचं म्हटलं तर सकाळी सुरी आली, साल आली, ओटा पुसणं आलं, म्हणजे मोकळ्या सकाळीला पहिलं भोक तिथेच पडलं. अननस घालावा, तर ताज्या अननसात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि दहा तासांनी बाटलीतून कडू लापशी निघते. किवीचीही तीच तऱ्हा. ही माहिती मिळवण्यासाठी मोबाईल उघडला, की पुढची चाळीस मिनिटं कुठल्यातरी देशातला कुणीतरी माणूस जुनं टेबल घासून कसं चकचकीत करतो हे पाहण्यात जातात. ती चाळीस मिनिटं ओट्सच्या खात्यात कुणी लिहीत नाही.

बाटलीचं प्रकरण तर स्वतंत्रच आहे. हा पदार्थ वाटीत, पातेल्यात, डब्यात तितकाच चांगला भिजतो. ओट्सना भांड्याशी देणंघेणं नसतं. पण चित्रात बाटली असते, म्हणून बाटलीच लागते. अमेरिकेत जॉन मेसन नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने १८५८ मध्ये आट्यांच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट घेतलं. अशा बरण्यांमध्ये लोक उन्हाळ्यातली फळं आणि भाज्या हिवाळ्यासाठी भरून ठेवू लागले. सहा-सहा महिन्यांची बेगमी सांभाळणाऱ्या त्या बरणीवर आता दहा तासांची जबाबदारी येऊन पडली आहे. ज्यांना ती विकत घ्यायची नसते, ते लोणच्याची रिकामी बाटली धुऊन वापरतात. बाटली धुतली जाते, झाकणाच्या आतली चकती धुतली जात नाही, आणि सकाळी स्ट्रॉबेरीच्या थराखालून कैरीच्या लोणच्यातली मेथी आणि हिंग दरवळायला लागतात. शिवाय तोंड अरुंद, चमचा आखूड. तळाचा मध चमच्याला लागत नाही, बोटांना मात्र कोपरापर्यंत लागतो. खाऊन झाल्यावर उरलेला चिकटा काचेला जो धरून बसतो, तो घासणीला दाद देत नाही. मग भांडी घासायला येणाऱ्या मावशी निकाल देतात : “ताई, ही बाटली रात्रभर भिजत घालत जा, त्याशिवाय नाही सुटायची.” म्हणजे पहिल्या रात्री नाश्ता भिजला, दुसऱ्या रात्री बाटली भिजणार, आणि दुसऱ्या रात्रीच्या नाश्त्यासाठी नवी बाटली आणावी लागणार. एवढं सगळं पाच मिनिटांत बसवायचं असेल, तर आधी ती मिनिटंच भिजत घालून फुगवायला हवीत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की हे नवशिक्यांचे घोळ झाले. हात बसला की सगळं सुरळीत होतं. हात बसतो हे खरं, पण तो कशावर बसतो ते पाहायला हवं. दुकानात ओट्सची पाकिटं एका रांगेत उभी असतात आणि आत वेगवेगळा ऐवज असतो. सालं काढलेले दाणे वाफवून रुळांखाली चपटे केले की रोल्ड ओट्स होतात. भिजवायला तेच हवेत. दाण्याचे नुसते तुकडे केले की स्टील-कट. ते रात्रभर दुधात ठेवले तरी सकाळी दात तपासून घेतात. फार पातळ लाटलेले ते इन्स्टंट. त्यांची सकाळपर्यंत खळ होते. आणि चौथा प्रकार खास आपला, मसाला ओट्सचा. “ओट्स आण म्हणालीस, आणले,” या वाक्याने सुरू होणाऱ्या बहुतेक शोकांतिका या चौथ्या पाकिटातून निघतात. दूध, मध, चिकू आणि मसाला ओट्स रात्रभर एकत्र नांदले की सकाळी हळद-जिऱ्याच्या गोड दुधात वाळका वाटाणा आणि गाजराचे तुकडे तरंगताना दिसतात, आणि घरातलं मूल एकच प्रश्न विचारतं, “हे कुणी खाल्लंय का आधी?” हात बसल्यावर हा घोळ टळतो, मान्य. पण जे जमायला महिना लागला, त्याला पाच मिनिटांचं काम म्हणायचं झालं तर सीएच्या परीक्षेलाही तीन तासांचं काम म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनवाल्यांचा. रोज कशाला, रविवारी एकदम पाच बाटल्या भरून ठेवाव्यात आणि आठवडा निकालात काढावा. या सूचनेत फ्रीज रिकामा असतो असं गृहीत धरलेलं आहे. मराठी घरातला फ्रीज रविवारी रात्री ज्याने उघडून पाहिला आहे, तो अशी सूचना करायला धजावणार नाही. वरच्या कप्प्यात सायीचं पातेलं, त्यावर तिरकी ताटली, ताटलीवर मोड आलेली मटकी, शेजारी इडलीचं पीठ, मागे अर्धा नारळ, आणि त्याही मागे सणाला आलेलं, काय आहे ते कुणालाच आठवत नसलेलं स्टीलचं बंद डबुकलं. या गर्दीत पाच बाटल्या उभ्या करायच्या तर आधी कुणाला तरी बेघर करावं लागतं. “माझं विरजण कुणी हलवलं?” हा प्रश्न सोमवारी सकाळी सहा वाजता विचारला गेला, की वाचलेला सगळा वेळ त्याचं उत्तर देण्यात जातो. तरीही समजा बाटल्या बसल्या. सोमवारची हौसेने खाल्ली जाते, मंगळवारची कर्तव्य म्हणून, बुधवारची कुणाच्या तरी आग्रहाखातर. गुरुवारी ऑफिसात वाढदिवस असतो. शुक्रवारच्या बाटलीला रविवारी दुपारी झाकण उघडून हुंगलं जातं, तिच्यात बेसन, कांदा आणि मिरची घालून धिरडी केली जातात, आणि ती करायला पस्तीस मिनिटं गॅसपाशी उभं राहावं लागतं. गॅस नको म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. तो म्हणतो, हे खाणं काल-परवाच्या फॅशनचं नाही, त्यामागे एका डॉक्टरची तपश्चर्या आहे. अगदी खरं. झुरिकच्या डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या रुग्णांना भिजवलेले ओट्स द्यायला सुरुवात केली, आणि १९०४ मध्ये झुरिकबर्गच्या उतारावर त्यासाठी आरोग्यधाम उभं केलं. बिर्खर म्युस्ली म्हणून जगभर गेलेला पदार्थ तो हाच. मात्र त्यांची मूळ कृती आजच्या भक्तांनी एकदा नीट वाचावी. तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले ओट्स, किती, तर एक चमचा. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर आटवलेलं गोड दूध, चमचाभर बदाम किंवा हेझलनटची पूड, आणि एक मोठं सफरचंद, सालासकट, गाभ्यासकट, खायच्या वेळी ताजं किसलेलं. म्हणजे हा मुळात सफरचंदाचा पदार्थ. ओट्स त्यात पाहुणे होते. त्यातही खायच्या वेळी किसणी घेऊन उभं राहायचं होतं, आणि तिथल्या रुग्णांना ते सोपं वाटत असेल तर कारण उघड आहे : किसणारा माणूस पगारी होता. आयतं समोर आलेलं कुठलंही खाणं झटपटच असतं. त्या न्यायाने पुरणपोळीइतका झटपट पदार्थ जगात नाही. उरलेल्या दिनचर्येत पहाटे उठणं, थंड पाण्याने स्नान, बागेत खोदकाम आणि रात्री नऊला निजानीज होती. कादंबरीकार थॉमस मान १९०९ मध्ये तिथे राहून आला आणि त्याला ती जागा आरोग्याचा तुरुंग वाटली. आपण त्या दिनचर्येतला फक्त वाडगा उचलला, आणि तोही रात्री अकरा वाजता, मोबाईलच्या उजेडात.

मग चौथा आक्षेप येतो : वेळेचं सोडा, प्रकृतीचं काय? इथे आम्ही हत्यारं खाली ठेवतो, कारण ओट्सचे गुण खरे आहेत. त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. बाटलीत जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच, आणि कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो तोही तोच. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी व्हायला मदत होऊ शकते, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. अर्धी वाटी ओट्समध्ये त्यातला साधारण निम्मा हिस्सा भरतो. उरलेला निम्मा भरून काढण्याऐवजी आपण बाटलीत काय भरतो ते मात्र पाहण्यासारखं आहे. ओट्स पचपचीत लागतात म्हणून मध, मध महाग म्हणून गूळ, मुलं खात नाहीत म्हणून चॉकलेटची पूड, पूड कडू लागते म्हणून पुन्हा साखर, आणि वर दिसायला बरं म्हणून कुस्करलेलं बिस्किट. हृदयासाठी सुरू झालेला नाश्ता असा हळूहळू वाढदिवसाच्या केककडे सरकतो. दरम्यान आपल्याकडे ओट्स सर्वांत शास्त्रोक्त पद्धतीने खाणारी व्यक्ती गोठ्यात उभी असते. महाराष्ट्रात ओट हे रब्बीतलं चाऱ्याचं पीक. केंट आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले हरिता या त्याच्या जाती चाऱ्यासाठीच लावतात. म्हैस ते हिरवंगार, ताजं, साखरेशिवाय खाते. मग आपण तिचं दूध काढतो, आणि त्यात ऑस्ट्रेलियाहून आलेले वाळके ओट्स रात्रभर भिजवत बसतो.

या सगळ्यात पोह्यांची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. तांत्रिकदृष्ट्या पोहे आणि ओट्स सख्खे चुलतभाऊ. भात गरम पाण्यात भिजवायचा, भाजायचा आणि चेपायचा, की झाले पोहे. दोन्हीकडे शिजवण्याचं मुख्य काम गिरणीतच उरकलेलं असतं, म्हणून दोन्ही नुसते भिजवून खाता येतात. फरक इतकाच, की ओट्स रात्र मागतात आणि पातळ पोहे दह्यात पडल्या पडल्या मऊ होतात. गोव्यात दिवाळीच्या सकाळी दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गोड फोव ताटात येतात, आणि त्यांसाठी आदल्या रात्री कुणी फ्रीजमध्ये जागा अडवून ठेवत नाही. ओट्सवाले म्हणतील, पोह्यांत तेवढा तंतू नाही. नाही, कबूल, तिथे ओट्स उजवे आहेत. ते असंही म्हणतील, की कांदेपोह्यांना कांदा चिरावा लागतो. लागतो, पण चिरताना निदान खाणाऱ्याला भूक लागत जाते. ओट्सची बाटली फ्रीजमधून काढली की भूक असलेलीही जरा विचारात पडते. आदल्या रात्रीच्या तयारीचं कौतुक म्हणावं, तर तेही आपल्याला नवं नाही. उपासाचा साबुदाणा, उसळीची मटकी, आंबोळीचं पीठ, उद्याचं दही. आपली स्वयंपाकघरं पिढ्यान्‌पिढ्या रात्रीच भिजत आली आहेत. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूल पेटवायचीच नाही आणि आदल्या दिवशी केलेलं गार खायचं, असा रीतसर दिवस आहे. पण मटकी भिजवणाऱ्या आईने तिचा फोटो काढला नव्हता. तीच मटकी आता मुलाने काचेच्या बाटलीत भिजवली आणि वर डाळिंबाचे चार दाणे टाकले, तर तो नातेवाइकांना दोन दिवस शिस्तीवर व्याख्यान देईल.

आणि इथेच मूळ मुद्द्याची चावी सापडते. रात्री बाटलीचं झाकण लावणारा माणूस वेळ वाचवत नसतो, तो पुण्य जोडत असतो. जेवताना भाताची तिसरी वाढ झालेली असते, त्यावर श्रीखंड झालेलं असतं, चालायला जायचं राहिलेलं असतं. अशा वेळी ओट्स भिजवले की दिवसभराचा हिशेब एका झटक्यात जमेला येतो. उद्यापासून आपण सुधारणार आहोत याचा पुरावा फ्रीजमध्ये काचेआड दिसतो, आणि झोप छान लागते. घोटाळा एवढाच, की ओट्स भिजवणारा आणि ओट्स खाणारा हे दोन वेगळे इसम आहेत. रात्रीचा इसम पोट भरलेला, उदार आणि तत्त्वनिष्ठ असतो. दुसऱ्याच्या नाश्त्यासाठी त्याग करायला त्याला काही जड जात नाही. सकाळचा इसम उपाशी, घाईतला आणि संशयी असतो. तो फ्रीज उघडतो, बाटली हलवून पाहतो, आत काहीच हलत नाही हे पाहतो, आणि तेवढ्यात शेजारून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येतो. “ओट्स ठेवलेत, खाऊन जा,” असा आवाज आतून येतो. “उशीर झालाय, संध्याकाळी खातो,” असं उत्तर जिन्यातून येतं. मग तो कोपऱ्यावर वडापाव घेतो आणि गंमत म्हणजे त्याला अपराधी वाटत नाही, कारण बाटली भिजवल्याचं पुण्य काल रात्रीच जमा झालेलं असतं. जिमची वर्षाची फी भरणं, न वाचलेली पुस्तकं कपाटात लावणं, विमा एजंटला ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणणं, हे सगळं याच जमेच्या बाजूला लिहिलं जातं. त्यांच्या तुलनेत ओट्स स्वस्त पडतात, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

तेव्हा ओट्स सोडा असं आमचं म्हणणं नाही, फक्त घड्याळ उलटं करावं. बिर्खर-बेनर यांनी हा पदार्थ नाश्ता म्हणून बेतलेलाच नव्हता. त्यांच्याकडे तो जेवणाच्या सुरुवातीला यायचा, आणि स्वित्झर्लंडमध्ये आजही पुष्कळ लोक पाव-लोणी आणि दूध घातलेल्या कॉफीबरोबर तो रात्रीचं हलकं जेवण म्हणून खातात. आपणही तेच करावं. सकाळी चहाला आधण ठेवलं की एका हाताने वाटीत ओट्स भिजवावेत, वाटी फ्रीजमध्ये सारावी, पोहे खाऊन कामाला जावं, आणि आठला घरी आल्यावर सफरचंद किसून घालून तेच जेवावं. रात्रीचं जेवण हलकं होईल, तिसरी वाढ टळेल, नऊला निजानीजही जमेल. डॉक्टरही खूश, मावशीही खूश, कारण वाटीला अरुंद तोंड नसतं. वेळ वाचेल, तंतू मिळेल, सकाळी कढीपत्त्याच्या वासाशी भांडण नाही. योजना सर्व बाजूंनी निर्दोष आहे आणि म्हणूनच ती कुणी अमलात आणेल असं वाटत नाही. संध्याकाळी कुणाला आठ-बाराची लोकल गाठायची नसते. तेव्हा भिजवलेले ओट्स खावे लागतील.